वय काय?

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी गेली कित्येक वर्षं जाते. दुकान अरुंद आहे. आत शिरलं की दोन्ही खांदे पुस्तकांना घासतात. मुलांची पुस्तकं मागितली की गल्ल्यावरचे काका मान वर न करता विचारतात, "वय काय?" म्हणजे मुलाचं. चार म्हटलं तर दाराजवळचा गठ्ठा, आठ म्हटलं तर मधली फळी, बारा म्हटलं तर जिन्याखालचं कपाट. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी बहिणीच्या नातवाचं वय सांगून मोकळी झाले. पुढच्या खेपेला खरं ते सांगितलं, "माझ्यासाठीच हवीत." काकांनी तेव्हा कुठे वर पाहिलं. गल्ल्याखालून प्लास्टिकचं एक स्टूल काढून पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मग बसा निवांत. बघा."

तेव्हापासून तो नेमच झाला. दोन-अडीच महिन्यांतून एकदा साताऱ्याहून सकाळची एसटी पकडायची, स्वारगेटला उतरायचं, चौक गाठायचा आणि त्या स्टुलावर बसून मुलांची पुस्तकं चाळायची. पाच-सहा घेऊन संध्याकाळच्या आत घरी. माझ्या घरात लहान मूल नाही. पण कपाटाचे खालचे दोन कप्पे या पुस्तकांचे आहेत. खालचे यासाठी की पाहुण्यांबरोबर आलेल्या मुलाचा हात तिथपर्यंत पोचावा.

मोठ्यांची पुस्तकं मी खुर्चीत बसून वाचते. मुलांची मात्र जमिनीवर, सतरंजीवर. त्यांचा आकारच तसा असतो. पान मोठं, कागद जाड, उघडलं की दोन्ही गुडघ्यांवर पसरतं. आणि घाई करून चालत नाही. एका पानावर दोनच ओळी असतात, त्या क्षणात वाचून होतात, पण चित्र वाचायला वेळ लागतो. मोठ्या माणसाचा डोळा अक्षरांवरून घसरत जातो आणि चित्राला नुसता स्पर्श करून पुढे पळतो. मूल नेमकं उलटं करतं. मी शब्द वाचत असते तेव्हा त्याचं बोट चित्राच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी पायाशी बसलेल्या मांजरावर असतं. मी पान उलटायला जाते आणि ते बोट पान दाबून धरतं.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं वाचताना ही सवय मला लागली. शब्दही त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच आला तेव्हा त्यातलं घर बघून मला आधी आश्चर्य वाटलं आणि मग बरं वाटलं. मराठी पुस्तकातलं घर मराठी घरासारखं होतं. ना बंगल्यापुढची हिरवळ, ना कुरळ्या सोनेरी केसांची मुलगी. माणसंही घरात असतात तशी. 'मोठी शाळा', 'हात मोडला', 'पाहुणी' या नावांतच त्यांची रीत दिसते. मुलाच्या आयुष्यातली मोठी घटना म्हणजे काय, हे त्यांनी मुलाच्या उंचीवरून ठरवलं आहे. हात मोडणं ही घटना आहे. घरी पाहुणी येऊन राहणं ही घटना आहे. पिकासोचं चरित्र लिहिणाऱ्या लेखिकेला हे महत्त्वाचं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. साहित्य अकादमीने त्यांना 2014 साली बालसाहित्य पुरस्कार दिला, पण त्याच्या कितीतरी आधी घराघरांतल्या त्यांच्या पुस्तकांचे कोपरे चावून मऊ झाले होते.

त्यांच्याच 'बाबाच्या मिश्या' या पुस्तकातल्या मुलीला मिश्यांचं भारी वेड. हाताला येईल त्या वस्तूच्या ती मिश्या करून बघते. बहिणीचा नातू चार वर्षांचा असताना आमच्याकडे आला होता तेव्हा मी त्याला हे वाचून दाखवलं. तीनदा. चौथ्यांदा त्याने पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं आणि मलाच वाचून दाखवलं. अक्षर येत नव्हतं, तरी एकही मिशी चुकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी कढीपत्ता निवडत होते. हा मागून आला, एक डहाळी उचलली, वरचा ओठ नाकापर्यंत नेला आणि त्यात डहाळी धरून श्वास रोखून उभा राहिला. हसला की पडायची. मग चमचा झाला, पोळीची कड झाली, माझ्या चष्म्याची काडी झाली. शेवटी बाहेर पेपर वाचत बसलेल्या आजोबांच्या मांडीवर चढला. त्यांना खऱ्याच झुपकेदार पांढऱ्या मिश्या. त्यांच्यावर डहाळी ठेवून पाहिली, ती घसरली. तो गंभीरपणे म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे जागाच नाहीये."

त्या पुस्तकाने त्याला काय शिकवलं, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू त्याला नव्याने दिसली, आणि त्याच्यामुळे मलाही.

आपल्याकडे मुलांचं पुस्तक लिहायला बसलं की लेखकाच्या शेजारी एक अदृश्य शिक्षक येऊन बसतो. गोष्ट छान चाललेली असते. मुलं डोंगरावर गेलेली असतात, पाऊस आलेला असतो, वाट चुकलेली असते. आणि मग एक आजोबा उगवतात आणि झाडांचं महत्त्व सांगू लागतात. हल्ली आजोबांच्या जागी शास्त्रज्ञ मावशी असते किंवा बोलणारं झाड असतं, पण बोलणं तेच. शेजारचा एक आठ वर्षांचा मुलगा माझ्याकडून पुस्तकं नेतो. तो परत देताना मी विचारते, शेवट कसा वाटला? त्यावर तो सरळ सांगतो, "शेवटचं पान नाही वाचलं. तिथे सांगत असतात." पान उघडून बघितलं तर खरंच तिथे सांगत असतात.

उपदेशावर माझा राग आहे असं नाही. 'श्यामची आई' हे 1935 सालचं पुस्तक उपदेशानेच भरलेलं आहे, आणि तरी मला आजही ते वाचताना मध्येच थांबावं लागतं. पोहायला जायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने फोडून काढते, त्याला बाहेर काढते आणि नंतर त्याच्या वळांना तेल लावते. तिथे शहाणपण सांगणारा कुणी उंचावर बसलेला नाही. सांगणारा आहे तो चुकलेला मुलगा, आणि त्याला अजून लाज वाटते आहे. साने गुरुजींनी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं म्हणून ते पुस्तक टिकलं. आजच्या पुस्तकांतला उपदेश करणारा माणूस कधीच चुकलेला नसतो. मुलाला ते बरोबर कळतं.

भाषेचंही मला बोलायचं आहे. कुठली आई स्वयंपाक करताना मुलाला "बाळा, तू असे वागणे योग्य नाही" असं म्हणते? पुस्तकातली आई अजूनही म्हणते. पुस्तकातली मुलं चौकस असतात, खोडकर असतात, हिरमुसतात, आनंदाने टाळ्या पिटतात. आमच्या कॉलनीतली मुलं सायकलवरून जाताना जे बोलतात त्यातला एक शब्द या पुस्तकांत सापडत नाही. म्हणून फारूक काझी यांच्या गोष्टी मी वाचल्या तेव्हा बरं वाटलं. ते शिक्षक आहेत, मुलांच्या बोलण्यात दिवस काढणारे. त्यांच्या गोष्टींतली मुलं घरी अब्बू, अम्मी म्हणतात आणि त्याबद्दल लेखक काही समजावून सांगत बसत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत सय्यदांचं घर होतं, त्यांच्या मुली माझ्याबरोबर शाळेत यायच्या. पण शाळेच्या कपाटातल्या एकाही मराठी गोष्टीत त्या मुली नव्हत्या. त्या काय वाचत असतील आणि वाचताना स्वतःला कुठे ठेवत असतील, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला. तो खूप आधी पडायला हवा होता.

ते शाळेचं कपाट कायम कुलूपबंद असायचं. शनिवारी शेवटच्या तासाला किल्ली निघे, बाई हाताला येईल ते पुस्तक देत आणि बदलून मागायची सोय नसे. फास्टर फेणे माझ्या वाट्याला आला तो असाच, योगायोगाने. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काटकुळा, सायकलवरून सुटलेला, आणि तोंडाने 'ट्टॉक' करणारा. भा. रा. भागवतांची ती पुस्तकं मी मागच्या वर्षी परत वाचली. काही ठिकाणी योगायोग जास्तच जुळतात, मुलींच्या वाट्याला धावाधाव कमी येते, हे आता दिसतं. पण वेग तोच आहे. वाक्य छोटं, क्रियापद आधी, प्रकरण संपताना दार उघडं. भागवत मुलांसाठी लिहिताना वाकून बोलत नसत, त्यांच्या बरोबरीने पळत असत. 2017 साली त्यावर सिनेमा आला, त्यात बन्या मोठा झालेला होता. सिनेमा मी आवडीने पाहिला, पण घरी आल्यावर शाळकरी बन्याच हातात घेतला.

गेल्या काही वर्षांत मात्र जिन्याखालचं ते कपाट हळूहळू भरताना मी पाहिलं आहे. ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' मी एका बैठकीत वाचलं. धरणासाठी गाव सोडावं लागलेल्या घरातल्या मुलाचं ते जग आहे. माझ्या वर्गात कण्हेर धरणाच्या पाण्यात गाव गेलेली एक मुलगी होती. ती मधल्या सुट्टीत सगळं बोलायची, गावाबद्दल कधी नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण काय विचारायचं हे आम्हाला माहीत नव्हतं. हे पुस्तक त्या वर्षी आमच्या कपाटात असतं तर निदान एखादा प्रश्न तरी सुचला असता. सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध' वाचताना लेखकाचा जंगल खात्याशी असलेला संबंध पानापानाला जाणवतो. त्यांचं जंगल सहलीला गेलेल्या माणसाचं नाही, रोज पायाखाली असलेल्या माणसाचं आहे. संगीता बर्वे मुळात कवयित्री, आणि त्यांच्या 'पियूची वही'त ते उतरलं आहे. सुट्टीत स्वतःच्या वहीत लिहिणारी मुलगी मला जवळची वाटते, कारण वही ही त्या वयात एकच खोली असते जिचं दार आतून लावता येतं. भारत सासणे यांच्यासारखा मोठ्यांसाठी गूढ, दीर्घ कथा लिहिणारा लेखक 'समशेर आणि भूतबंगला' लिहितो, हे मला फार आवडलं. मुलांसाठी लिहिणं हे मुख्य कामातून उरलेल्या वेळात करायचं काम नव्हे, असं त्याने न बोलता सांगितल्यासारखं झालं. या चारही पुस्तकांना अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण त्यातलं एकही मला आमच्या गावातल्या दुकानात मिळालं नाही. प्रत्येकासाठी पुणं गाठावं लागलं.

पूर्वी एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीला चिमटे लावून अंक टांगलेले असत. 'चांदोबा' आणि 'किशोर' तिथेच मिळायचे. 'किशोर' बालभारतीने 1971 साली सुरू केला आणि तो अजून निघतो. जुने अंकही त्यांनी संगणकावर फुकट वाचायला ठेवले आहेत. मी एका पावसाळ्यात रात्री-रात्री ते उघडून बसले. एका अंकातलं मुखपृष्ठ बघितलं आणि मला तो अंक जिथे वाचला होता त्या माळ्याचा, कांद्यांचा आणि दमट पोत्यांचा वास आला. 'वयम्' आहे, 'चिकूपिकू' आहे, दिवाळीत साधनेचा बालकुमार अंक येतो. लोक मनापासून काम करत आहेत. ही तक्रार करायची वेळ नाही, हे मला कळतं. तरीही मला एक गोष्ट बोलायचीच आहे.

माझी भाची नववीत आहे. भावाची मुलगी. चार वर्षांची होती तेव्हा राधा तिला तोंडपाठ होती. आठव्या वर्षी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' तिने इतक्यांदा वाचला की पुस्तकाची शिवण सुटली. अकराव्या वर्षी फेलूदा वाचला, अशोक जैन यांच्या मराठीत. आणि मग तिच्या फळीवरची मराठी पुस्तकं हलली नाहीत. त्यांच्यासमोर इंग्रजी पुस्तकांची दुसरी रांग उभी राहिली. मागच्या मे महिन्यात मी तिला विचारलं की गं, मराठी का सोडलंस?

"सोडलं नाही," ती म्हणाली. "पण आत्या, मराठीत माझ्या वयाचं काय आहे? एक तर बोक्या, नाहीतर एकदम 'मृत्युंजय'."

मी तिच्यापुढे गप्प बसले. अप्पा बळवंत चौकातल्या काकांना मी चौदा असं सांगितलं असतं तर त्यांनी काय काढलं असतं, असा विचार करू लागले. जिन्याखालचं कपाट बारापर्यंत आहे. त्यानंतरची फळी थेट मोठ्यांची.

मी तिला 'वनवास' दिलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन माझ्या सगळ्यात आवडत्या मुलांपैकी एक. कऱ्हाडला भूशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने चार पुस्तकांत एका मुलाचं मन असं उलगडून ठेवलं आहे की तसं मराठीत दुसरं नाही. आठवड्याने ती पुस्तक घेऊन आली. आवडलं होतं. काही जागा तिने मला वाचूनही दाखवल्या. पण म्हणाली, "हे खूप सुंदर आहे. पण हे तुला आठवतं, मला नाही." मला ते लागलं, कारण ते खरं होतं. लंपन मुलाबद्दल आहे, पण लिहिलाय तो ज्यांचं बालपण मागे पडलंय त्यांच्यासाठी. 2024 साली त्याची मालिका आली तीही आमच्या घरात मोठ्यांनीच डोळे पुसत पाहिली. तिला मागे वळून बघायचं नव्हतं. ती अजून तिथेच उभी होती.

माझ्या चौदाव्या वर्षी मी काय वाचलं, ते मग आठवत गेलं. 'चौघीजणी' शांता शेळक्यांच्या मराठीत, 'पाडस' राम पटवर्धनांच्या मराठीत. पुढे थोडी मोठी झाल्यावर 'तोत्तोचान'. एक मॅसॅच्युसेट्समधली, एक फ्लोरिडाच्या झुडुपी रानातलं, एक टोकियोतल्या शाळेतलं. माझं मोठं होणं मराठीत झालं, पण ज्या गोष्टींतून झालं त्यातली एकही मराठी मुलुखात घडलेली नव्हती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पटवर्धनांचं मराठी असं की त्या रानातली माती माझ्याच पायाला लागायची. 'पाडस'चा शेवट मी आमच्या जिन्यात बसून वाचला. आत मोठी माणसं होती, रडलेलं दिसू नये म्हणून. स्वतः वाढवलेल्या जिवाचं जे करावं लागतं ते करून तो मुलगा घरी परत येतो, तेव्हा तो मूल राहिलेला नसतो. लेखिकेने त्याला वाचवलं नाही आणि मला समजावलंही नाही. मी त्या संध्याकाळी जेवले नाही. आईने कारण विचारलं नाही, ताट झाकून ठेवलं.

असं पुस्तक साताऱ्यातल्या मुलीबद्दल का नसावं? सकाळी सहाला क्लासला जाणारी, स्कार्फने तोंड बांधून सायकल मारणारी, मैत्रिणीशी अबोला धरून रात्रभर फोनकडे बघत राहणारी. वर्गातल्या एकाच्या बापाने कर्जापायी जीव दिला, तो मुलगा पंधरा दिवसांनी परत आला आणि त्याच्या शेजारी कोण बसणार हे कुणालाच ठरवता आलं नाही, असा एक वर्ग. पहिल्यांदा डाग पडलेला युनिफॉर्म. आडनाव विचारून झाल्यावर बदललेला एखादीच्या आईचा चेहरा. हे सगळं आमच्या मुलींना दिसतं, त्या माझ्याशी अडखळत बोलतात. मोठ्यांच्या कथांमध्ये यातलं बरंच आलंय, चांगलं आलंय. पण तिथे ते मोठ्यांच्या नजरेतून आणि मोठ्यांच्या निष्कर्षाला येऊन पोचतं. चौदा वर्षांच्या मुलीला निष्कर्ष नको असतो. आपल्याला वाटतं तसं आणखी कुणाला तरी वाटलं होतं, आणि ते आपल्याच भाषेत वाटलं होतं, एवढं तिला हवं असतं.

'पाडस' मी तिच्या हातात दिलं नाही. तिच्या खोलीतल्या खिडकीत ठेवून दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. दोन दिवस ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी नव्हतं. चौथ्या दिवशी ते उशीखाली दिसलं, अर्ध्याच्याही पुढे केसांचा एक काळा चाप खूण म्हणून अडकवलेला. त्या रात्री ती जेवायला उशिरा आली आणि मीठ कमी आहे म्हणाली नाही. मी काही विचारलं नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तिच्यासाठी एक कादंबरी लिहा. शेवटच्या पानावर काही सांगू नका. आणि शक्य तितक्या लवकर लिहा, कारण येत्या जूनमध्ये ती दहावीत जाईल.